इन्फेक्टेड व्हॉल्व्हची केस पंपावर घेताना दाह आटोक्यात कसा ठेवावा

परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, एन्डोकार्डायटिसच्या केसला वेगळं काय करायचं?" एन्डोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा व्हॉल्व्हला, झालेलं इन्फेक्शन. पेशंट ओटीच्या दारात होता, मी एसीटीच्या (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी) ट्यूबा मोजत होते. जे सुचलं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि दिवसभर मनात राहिलं की त्याला नीट उत्तर मिळालं नाही. ते आता सावकाश लिहिते आहे.

मी परफ्युजनिस्ट. हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमच्या भाषेत पंप, चालवणं हे माझं काम, गेली १९ वर्षं, मुंबईत. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं शिक्षण मराठीतून झालेलं असतं. पुस्तकं इंग्रजीत, राउंड इंग्रजीत, आणि विचारायची भीती. हे त्यांच्यासाठी आहे. औषधं आणि डोस भूलतज्ज्ञ ठरवतात, ऑपरेशन कसं करायचं ते सर्जन. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा. पण पंपापाशी बसलेल्या माणसाच्या हातात किती गोष्टी असतात, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आधी एवढं समजून घ्या. साधा व्हॉल्व्ह बदलायला आलेला पेशंट आणि व्हॉल्व्हवर जंतूंचे कोंब आलेला पेशंट, दोघंही पंपावर जातात तेव्हा रक्त प्लॅस्टिकला लागतं. परका पृष्ठभाग रक्ताला लगेच कळतो. गोठण्याची साखळी जागी होते, कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, जागं होतं, पांढऱ्या पेशी खवळतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपायला लागतं. फिलाडेल्फियात जॉन गिबनने १९५३ साली माणसावर पहिल्यांदा यशस्वीपणे हे मशीन वापरलं. त्यानंतर मशीन ओळखू येणार नाही इतकं सुधारलं, पण रक्ताचा हा स्वभाव तोच आहे. फरक इतकाच की साध्या केसमध्ये ही आग शून्यापासून पेटते. इन्फेक्टेड केसमध्ये ती तीन-चार आठवड्यांच्या तापापासून धुमसतच असते, आणि आपण त्यात तेल ओततो. कमीत कमी तेल ओतणं हे आपलं काम. पेटून झाल्यावर एखादा फिल्टर लावून ती विझवता येते असं समजून बसू नका. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आदल्या संध्याकाळी

केस दुसऱ्या दिवशी असेल तर आदल्या संध्याकाळी पेपर बघा. रात्रीची इमर्जन्सी असेल तर निदान पाच मिनिटं काढून बघा. मी सगळ्यात आधी मेंदूचा सीटी बघते. व्हॉल्व्हवरचा तुकडा सुटून डोक्यात गेलेला असू शकतो, आणि आपण तर पंपासाठी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन पूर्ण डोसमध्ये देणार. सीटीत रक्तस्राव असेल तर जमेल तेव्हा सर्जन साधारण महिनाभर थांबतात. तो रिपोर्ट त्यांनी बघितलाच असेल, तरीही मी विचारते. विचारल्याने कुणी रागावलं तर रागावू दे.

मग क्रिएटिनिन, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, शुगर. ब्लड कल्चरचा रिपोर्ट. आपल्याकडे ताप आला की दोन-तीन अँटिबायोटिक पोटात जातात आणि मगच पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पोचतो, त्यामुळे कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही असं फार वेळा दिसतं. आणि शेवटचा अँटिबायोटिक डोस किती वाजता गेला, ते कागदावर लिहून घ्या. पंपावर गेल्यावर ते औषधही पातळ होणार आहे.

आता खरा हिशोब. ४५ किलोची बाई, हिमोग्लोबिन ८.५. असे पेशंट आमच्याकडे नेहमीचे. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप, मग व्हॉल्व्ह आक्रसलेला, त्यावर आता इन्फेक्शन. तिच्या अंगात रक्त साधारण ३ लिटर. तुम्ही नेहमीसारखं १२०० मिलीचं प्राइम, म्हणजे पंपाच्या नळ्यांत आधी भरून ठेवायचं द्रव, केलंत तर पंप सुरू होताच तिचं हिमोग्लोबिन ६ च्या आसपास येणार. फ्लो इंडेक्स (दर चौरस मीटरमागे मिनिटाला किती लिटर रक्त) २.४ ठेवलात तरी ऑक्सिजन डिलिव्हरी, म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला पोचणारा ऑक्सिजन, जेमतेम २१० मिली भरतो. आपल्याला तो २८० च्या वर हवा. त्याच्या खाली किडनीला मार बसतो. आतड्यालाही बसतो, आणि आतड्याचं अस्तर कमकुवत झालं की आतल्या जंतूंची विषं रक्तात उतरतात. म्हणजे व्हॉल्व्हवरचं इन्फेक्शन काढायला आपण निघालो आणि पोटातून दुसरं दार उघडून दिलं.

म्हणून प्राइम कमी करायचं. पंप टेबलाजवळ सरकवा, नळ्या छाटा. अर्धा इंची नळीच्या एका मीटरमध्ये सव्वाशे मिली पाणी मावतं, पाऊण फुटाचा उगाच सोडलेला वळसासुद्धा मोजण्यासारखा असतो. तीन अष्टमांश इंची नळीत मीटरला ७० मिली. व्हॅक्यूमची सोय असेल आणि सर्जनला चालत असेल तर व्हीनस लाइनही (पेशंटकडून पंपाकडे रक्त आणणारी नळी) तीन अष्टमांशाची घेता येते. भूलतज्ज्ञांशी बोलून, प्रेशर टिकत असेल तर, पेशंटच्याच रक्ताने नळीतलं थोडं पाणी उलटं ढकलून काढता येतं. असं करून प्राइम ८०० वर आणलं आणि त्यातच एक पिशवी लाल पेशी घातल्या, तर हिमोग्लोबिन ८ च्या आसपास राहतं. फ्लो इंडेक्स २.५ ठेवला, म्हणजे या बाईला साडेतीन लिटर, की २८० ओलांडतो. बाहेरचं रक्तही दाह वाढवतंच, म्हणून पिशव्यांचा भडिमार नको. पण एवढ्या अशक्त पेशंटला एक पिशवी द्यायची टाळाटाळ करून हिमोग्लोबिन ६ वर पंप चालवू नका. हा हिशोब डोक्यात करू नका, कागदावर करा, आणि तो कागद पंपाला चिकटवून ठेवा.

आतून कोटिंग केलेलं सर्किट, म्हणजे रक्त ज्यातून फिरतं तो नळ्यांचा संच, मिळत असेल तर अशा केसला तेच मागा. लांब चालणाऱ्या केसला सेंट्रिफ्युगल पंप बरा, रक्ताला रगडा कमी बसतो. पण स्टोअरमध्ये यातलं काही नसेल म्हणून हातपाय गाळून बसू नका. प्राइम, फ्लो आणि सकर (सांडलेलं रक्त ओढून पंपात परत आणणारी नळी) यांना जादा पैसे लागत नाहीत.

हेपॅरिन दिलं आणि एसीटी चढलाच नाही

या केसमध्ये हे बऱ्याचदा होतं. आठवडे चाललेल्या इन्फेक्शनमध्ये अँटिथ्रॉम्बिन हे रक्तातलं प्रथिन खर्च झालेलं असतं, आणि त्याच्याशिवाय हेपॅरिनचा जोर चालत नाही. किलोमागे ३०० ते ४०० युनिट देऊन एसीटी ३५० वर अडला, तर "चालेल, सुरू करू" म्हणू नका. आधी ट्यूब पुन्हा लावून बघा, हेपॅरिन खरंच सेंट्रल लाइनमधून गेलं का ते विचारा. मग जादा हेपॅरिन. तरीही नाही तर अँटिथ्रॉम्बिन, ते नसेल तर एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा). त्यासाठी एफएफपी आधीच वितळवायला सांगून ठेवलेलं असलं पाहिजे, ब्लड बँकेतून यायला वेळ लागतो. ४८० च्या खाली पंप चालवला तर डोळ्यांना गुठळी दिसणार नाही कदाचित, पण आत थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, तयार होत राहतं आणि थ्रॉम्बिन हे स्वतःच दाहाला चेतवणारं आहे.

सकर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझी चूक इथे झाली होती.

नोकरीचं तिसरं वर्ष. एओर्टिक रूटमध्ये (महाधमनीच्या मुळाशी) गळू झालेलं, केस लांबत चाललेली, सगळीकडून रक्त झिरपत होतं. सर्जन ओरडले, "सकर!" आणि मी दोन्ही सकर पूर्ण वेगाने सोडले. पुढचे दोन-अडीच तास ते तसेच फिरत राहिले. माझं लक्ष फ्लो आणि कार्डिओप्लेजियावर (हृदय थांबवून ठेवणारं द्रव). सकरच्या नळीत रक्तापेक्षा हवा जास्त होती, फेस भरलेला होता, आणि मी तिकडे बघितलं नाही. लघवीच्या पिशवीकडे सिस्टरचं लक्ष गेलं. आगळ पाण्यात ओतावं तसा रंग. फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन किडनीतून येत होतं. त्या माणसाला ११ दिवस डायलिसिस लागलं. त्याची किडनी इन्फेक्शनने आधीच अधू होती असं सर मला समजावत होते, पण त्या दोन तासांचा जबाब माझ्याकडेच होता. तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी सकरच्या नळीकडे आणि लघवीच्या नळीकडे बघते. दोन्हींकडे, त्याच क्रमाने.

हवेबरोबर ओढलेलं रक्त फुटतं. शिवाय छातीच्या पोकळीत साचलेलं रक्त म्हणजे नुसतं रक्त नसतं. त्यात कापलेल्या मांसाचा टिश्यू फॅक्टर असतो, चरबी असते, आधीच खवळलेल्या पेशी असतात. ते रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे पंपाच्या टाकीत, घेणं म्हणजे दाहाचा काढा पेशंटला परत पाजणं. सकर लागेल तेवढाच, हळू, आणि टोक रक्तात बुडालेलं असताना. नळीत फेस दिसला की वेग कमी करा आणि टेबलावर सांगा, "सर, सकर हवा ओढतोय."

इन्फेक्टेड केसमध्ये आणखी एक पथ्य. सर्जन व्हॉल्व्ह कापायला घेतात, कोंब काढतात, गळू खरवडतात, तेवढा वेळ पंपाचे सकर बंद. त्या जागेवर भिंतीवरचं सक्शन वापरायचं आणि ते रक्त, ते धुतलेलं सलाइन फेकून द्यायचं. सेल सेव्हरमध्येही (सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं मशीन) ते जाऊ द्यायचं नाही. धुतल्याने सगळे जंतू जात नाहीत. खरवडून, भरपूर धुऊन झालं, हातमोजे आणि हत्यारं बदलली, की मग सकर पुन्हा. हे आपोआप घडत नाही. केस सुरू व्हायच्या आधी सर्जनशी आणि स्क्रब सिस्टरशी बोलून ठेवावं लागतं. आमच्याकडे आता सिस्टरच म्हणतात, "पंप सकर ऑफ, वॉल सक्शन द्या." ज्या दिवशी ही सवय लागली त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

रक्त गाळायचं का?

हेमोफिल्टर लावून पाणी काढणं उपयोगी आहे. किडनी अधू, कार्डिओप्लेजियाचं पाणी साचलेलं, अशा केसमध्ये मी तो लावतेच. जेवढं काढलं तेवढंच संतुलित द्रव परत द्यायचं अशीही पद्धत आहे. त्यात लहान रेणूंचे दाहक पदार्थ थोडे निघून जातात. मात्र पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम हलतात, म्हणून ब्लड गॅस लवकर लवकर काढा. आणि अँटिबायोटिकचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो, हे भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला.

आता ती महागडी नळी. मण्यांनी भरलेली, सायटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारे रेणू, शोषून घेणारी, सायटोसॉर्ब नावाची. एका पेशंटचा भाऊ ओटीबाहेर मला थांबवून म्हणाला होता, "ताई, ती फिल्टरची नळी लावली तर वाचेल ना? शेत गहाण टाकायची तयारी आहे आमची." कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याच्या हातात हॉस्पिटलची पिवळी फाइल होती आणि बोलताना तो ती उघडत-मिटत होता.

जर्मनीतल्या १४ केंद्रांनी नेमका हाच प्रश्न तपासला, आपल्या याच पेशंटांवर. एन्डोकार्डायटिसचं ऑपरेशन होणारे २८८ जण, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. एका गटाला पंपावर असताना ही नळी लावली, दुसऱ्याला नाही. रिमूव्ह नावाचा हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पंप संपताना काही सायटोकाइन कमी झालेले मोजले गेले. पण ऑपरेशननंतर अवयव निकामी होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, ३० दिवसांतले मृत्यूही दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच. त्या भावाला मी म्हटलं, "दादा, तुमच्या बहिणीसाठी जे करायचं ते सगळं आम्ही करतोय. या नळीसाठी शेत घालवू नका." मी आजही तेच सांगेन. रक्त पातळ करणारं टिकाग्रेलोर चालू असलेल्या पेशंटला तातडीने घ्यावं लागलं तर ते औषध ओढून काढायला ही नळी वापरतात, तो वेगळा विषय. कुठल्याही कारणाने सर्जनने ती लावायला सांगितली तर लावा, आणि ती व्हँकोमायसिनसारखी औषधंही शोषू शकते हे सगळ्यांना मोठ्याने सांगा.

स्टिरॉइडचंही तसंच. दाह म्हटला की स्टिरॉइड आठवतं. नेदरलँड्समध्ये ४,४९४ पेशंटांवर डेक्सामेथासोनचा अभ्यास झाला, तो २०१२ साली आला. ७,५०७ पेशंटांवरचा मिथाइलप्रेडनिसोलोनचा २०१५ साली. सरसकट दिल्याने मृत्यू किंवा मोठे धोके कमी झाल्याचं दोन्हींत सिद्ध झालं नाही, दुसऱ्यात तर हृदयाच्या स्नायूची इजा वाढलेली दिसली. त्यात आपला पेशंट जंतूंशी झुंजतोय. आधीपासून स्टिरॉइडवर असलेल्यांचं वेगळं. बाकीच्यांना नेहमीचा रिवाज म्हणून कुणी देत असेल तर का ते विचारा.

गरम करताना

सर्जन "वॉर्म करा" म्हणतात तेव्हा सगळ्यांना घाई असते. तुम्ही घाई करू नका. ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून, बाहेर जाणाऱ्या रक्ताचं तापमान ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही; ते मेंदूच्या तापमानापेक्षा थोडं कमीच दाखवतं, म्हणजे इथे ३८ दिसलं तर मेंदू त्याहून तापलेला. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रक्तातला फरक ३० अंशांपर्यंत १० अंशांच्या आत, आणि ३० अंशांनंतर ४ अंशांच्या आत, शिवाय मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त वेग नको. म्हणजे ३२ वरून ३६.५ ला यायला निदान नऊ-दहा मिनिटं लागणारच, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. शेवटचे टाके राहिले असतानाच सर्जनला विचारून सुरुवात करा म्हणजे कुणाला तुमच्यामुळे थांबावं लागत नाही. शुगर याच वेळी उसळते, १८० च्या आत ठेवायची.

प्रेशरही याच सुमाराला पडतं. फ्लो पुरेसा आणि मीन प्रेशर ४० वर. नवीन माणूस घाबरून रिझर्व्हॉयरमध्ये सलाइन ओततो. तसं करू नका. हिमोग्लोबिन आणखी पातळ होईल आणि ते पाणी फुफ्फुसात झिरपेल. आधी प्रेशर मोजणारा ट्रान्सड्यूसर झिरो करा, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) बघा. रक्तवाहिन्याच सैल पडल्या असतील तर भूलतज्ज्ञ नॉरअॅड्रिनलिन, व्हॅसोप्रेसिन सुरू करतील, काही वेळा मिथिलिन ब्लू. ते निळं औषध गेलं की बोटावरचं सॅच्युरेशन एकदम घसरलेलं दिसतं, तुमच्या इनलाइन मॉनिटरचेही आकडे बिघडतात. दचकून ऑक्सिजनेटर बदलायला धावू नका, ब्लड गॅस काढून खात्री करा. लघवी हिरवट-निळी होते, ते अपेक्षित आहे. पेशंटला नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर हे औषध धोक्याचं, म्हणून ती यादीही आदल्या संध्याकाळीच बघायची.

पंपावरून उतरल्यावर हेपॅरिन उतरवणारं प्रोटामिन सुरू झालं की सकर बंद. एक थेंबही आत नको.

आयसीयूत देताना

नुसता पंप टाइम आणि क्लॅम्प टाइम (महाधमनी बंद ठेवल्याचा वेळ) सांगून परत फिरू नका. सगळ्यात कमी हिमोग्लोबिन किती झालं आणि किती वेळ तसं राहिलं, ऑक्सिजन डिलिव्हरी २८० च्या खाली किती मिनिटं गेली, किती पाणी गाळलं, लघवीचा रंग, अँटिबायोटिकचे डोस कोणत्या वेळी गेले, हे लिहून द्या. रात्री दोन वाजता ताप आला तर ड्युटीवरच्या रेसिडेंटला पंपाने पेटवलेला दाह की पुन्हा उसळलेलं इन्फेक्शन, हा प्रश्न पडणार आहे. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, तर दोन्हींत चढलेलाच असतो. तुमच्या कागदावरून त्याला काहीतरी धागा मिळतो.

आणि ओटी सोडण्यापूर्वी काढलेल्या व्हॉल्व्हची बाटली बघा. हे परफ्युजनिस्टचं काम नाही असं मला सुरुवातीला वाटायचं. एकदा एका ठिकाणी अख्खा व्हॉल्व्ह फॉर्मलिनमध्ये गेला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर लागतच नाही. ब्लड कल्चर आधीच कोरं होतं. त्या पेशंटला सहा आठवडे अँटिबायोटिक अंदाजाने द्यावं लागलं. तेव्हापासून मी सर्किट काढता काढता विचारते, एक तुकडा सलाइनमध्ये मायक्रोबायॉलॉजीला, दुसरा फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेला ना? लेबलवर "एन्डोकार्डायटिस" लिहिलंय ना? वॉर्डबॉय मामा बाटल्या घेऊन जिन्याकडे वळले की मग मी हातमोजे काढते.